मोटिफचा माग : नाटक-कथा वाचन प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

कामाची आखणी ठरली. पुण्यात एकांकिकांचा हंगाम तापायच्या आत कॉलेजच्या लेखक-दिग्दर्शक मंडळींसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची. तिच्यासाठी एक तक्ता तयार करायचा: कथेत-नाटकात मोटिफ कसा ओळखावा, कसा नोंदवावा, स्वतः लिहिताना कुठे पेरावा आणि कुठे पेरू नये. बैठका सदाशिव पेठेत, संध्याकाळी सहानंतर.

कामापुरती व्याख्या अशी: एखादी वस्तू, आवाज, शब्द, कृती किंवा प्रतिमा कलाकृतीत पुन्हा येते आणि येताना मागच्या खेपेचा अर्थ सोबत घेऊन येते, तेव्हा ती मोटिफ होते. व्याख्येचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा, आणि नेमका तोच विसरला जातो. दर प्रवेशात चहा होतो म्हणून चहा मोटिफ होत नाही. मराठी नाटकातल्या घरात चहा होतच असतो.

आशयसूत्र (थीम) आणि प्रतीक यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून सोपी खूण: आशयसूत्र वाक्यात सांगावं लागतं, मोटिफकडे बोट दाखवता येतं. प्रतीक एकदाच येऊनही काम भागवतं; मोटिफला दुसरी खेप लागतेच.

५ जून

तक्त्याचे रकाने पाच.

१. अंक आणि प्रवेश (कथेत परिच्छेद). पान क्रमांक लिहायचा नाही, आवृत्ती बदलली की तो निरुपयोगी होतो.
२. रूप: प्रत्यक्ष वस्तू, आवाज, बोललेला शब्द, कृती, की रंगसूचनेतला उल्लेख.
३. कोणाच्या हाती किंवा तोंडी.
४. मागच्या खेपेपेक्षा काय बदललं.
५. त्या क्षणी प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि पात्राला काय नाही.

चौथा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद खोडायची. पहिल्या खेपेपुरती सवलत, कारण तिला मागचं काही नसतंच.

वाचनाची रीत: पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता, सलग. दुसऱ्या वाचनात समासात फक्त नाम लिहायचं (‘दार’, ‘पाणी’, ‘हात’), अर्थ नाही. तिसऱ्या वाचनात तक्ता. पहिल्याच वाचनात पेन्सिल घेणारा पहिल्या अंकातल्या प्रत्येक वस्तूला खूण करतो आणि तिसऱ्या अंकापर्यंत थकतो. शेवटचा अंक मोकळा पडतो. बदल तर तिथेच असतो.

१० जून

सुरुवात सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या गोष्टीपासून. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीच्या दाराशी येतो. “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” “थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.” पुन्हा तीच हाक. “थांब, बाळाला टीट लावते.” पुन्हा. “थांब, बाळाला झोपवते.”

तक्ता भरताना पहिली अडचण इथेच येते. मागणीचे शब्द तंतोतंत तेच आहेत, मग बदललं काय? उत्तर बदललं, आणि दाराबाहेरचा पाऊस थांबलेला नाही. प्रत्येक खेपेला कावळा जास्त भिजलेला असतो, पण गोष्टीत तसं एकदाही म्हटलेलं नाही. चांगली सांगणारी आजी तो बदल आवाजात आणते, हाक दरवेळी थोडी बारीक करते. मजकूर तोच ठेवून बदल सादरीकरणात टाकायचा, ही नाटकवाल्यांच्या उपयोगाची गोष्ट. म्हणून हे उदाहरण कार्यशाळेत सगळ्यात आधी.

मोटिफ इथे ‘दार’, हाक नव्हे. हाक फक्त दाराकडे लक्ष वेधते.

१२ जून

लोककथांच्या अभ्यासात मोटिफ शब्द निराळ्या मापाने वापरतात, ते आधीच सांगितलेलं बरं. स्टिथ थॉम्प्सन यांची सूची (सहा खंड, १९३२ ते ३६, सुधारित आवृत्ती १९५५ ते ५८) जगभरच्या कथांमधले घटक रोमन अक्षरं आणि आकडे लावून मांडते. आय, ओ, वाय ही अक्षरं तिने वगळली आहेत. ‘सी’खाली निषेध, ‘डी’खाली जादू, ‘एच’खाली परीक्षा, ‘के’खाली फसवणूक. राक्षसाचा जीव पोपटात, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट ‘ई ७१०’ (शरीराबाहेर ठेवलेला जीव) या गटात बसते. पक्ष्यात ठेवलेल्या जिवाला ‘ई ७१५.१’.

फरक असा. सूचीतला मोटिफ एका कथेतून दुसऱ्या कथेत प्रवास करतो, आपण शोधतोय तो एकाच कलाकृतीच्या आत फिरतो. पोपटातला जीव एका गोष्टीत एकदाच आला तरी सूचीत त्याला नंबर मिळतो. आपल्या तक्त्यात मिळणार नाही. दोन्हींसाठी वेगळ्या रंगाची कार्डं: पिवळी सूचीसाठी, पांढरी तक्त्यासाठी. अप्पा बळवंत चौकात दोन्ही रंग एकाच मापात मिळतात.

१३ जून

साचा आणि मोटिफ. ‘आटपाट नगर होतं’ आणि ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे साचे: कथा उघडतात, मिटतात, आत काही हलवत नाहीत. पण ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ हे वाक्य बघा. ऐकायला तेही साचाच. मात्र ज्या कहाणीत पुढे सुबत्ता येते, वसा टाकला जातो आणि दारिद्र्य दार ठोठावतं, तिथे हेच वाक्य मागे जाऊन पेरणी ठरतं. साचा केव्हा मोटिफ होतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

१७ जून

कालिदासाचं शाकुंतल, पहिली बैठक. आधी पाठ, म्हणजे संहितेची कुठली परंपरा वाचायची ते, निश्चित करायचा. देवनागरी आणि बंगाली असे दोन वेगळे पाठ प्रचारात आहेत. बंगाली पाठात तिसरा अंक बराच लांब आहे. हातातलं भाषांतर कुठल्या पाठावरून केलंय ते चटकन ओळखायचं तर सहाव्या अंकात अदृश्य राहून राजाला न्याहाळणाऱ्या अप्सरेचं नाव पाहावं. सानुमती असेल तर देवनागरी, मिश्रकेशी असेल तर बंगाली. गटातल्या सगळ्यांकडे एकच पाठ नसेल तर तक्ते जुळत नाहीत आणि अर्धा तास वादात जातो. आमचा पाठ देवनागरी.

आज फक्त अंगठी.

पहिला अंक: शकुंतलेकडे झाडांना पाणी घालण्याचं देणं आहे म्हणून सखी प्रियंवदा तिला अडवते. राजा दुष्यंत ते देणं फेडायला बोटातली अंगठी पुढे करतो. सख्या तिच्यावरचं नाव वाचतात आणि एकमेकींकडे बघतात. राजा म्हणतो, ही राजाकडून मिळालेली भेट. म्हणजे अंगठी पहिल्याच खेपेला खोटं बोलण्याच्या कामी येते. हा तपशील जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. अंगठी म्हटलं की मन एकदम शाप आणि कोळ्याकडे धावतं.

चौथा: दुर्वासाचा शाप, उःशापात ओळखीच्या दागिन्याची अट, आणि निरोपाच्या वेळी सख्यांची सूचना, राजाने ओळखायला वेळ लावला तर ही दाखव. पाचवा: दाखवायला जावं तर बोट मोकळं. सहावा: कोळी, रोहित मासा, शिपाई, मग राजाची आठवण परत येणं आणि त्याने अंगठीलाच धारेवर धरणं. सातवा: राजा ती परत देऊ करतो. शकुंतला म्हणते, माझा हिच्यावर विश्वास नाही, आर्यपुत्रांनीच घालावी.

चौथा रकाना वरून खाली वाचला की अंगठीचा प्रवास दिसतो: बतावणी, हमी, अभाव, पुरावा, नकार. पाचवा रकाना त्याहून गुंतागुंतीचा. चौथ्या अंकापासून शाप प्रेक्षकाला आणि दोन सख्यांना ठाऊक आहे. राजाला नाही, शकुंतलेलाही नाही. तिला तो कळतो सातव्या अंकात, मारीच ऋषींकडून. म्हणजे पाचव्या अंकातल्या भर दरबारात समोरासमोर उभी असलेली दोघंही अंधारात आणि माहीतगार फक्त प्रेक्षक. त्या प्रवेशाचा सगळा ताण या रकान्यात उभा आहे.

२० जून

शाकुंतल, भुंगा. आज बराच वेळ दिला आणि तो दिला ते बरं झालं.

पहिल्या अंकात शकुंतला वेलीला पाणी घालते, पाण्याच्या शिडकाव्याने भुंगा उडतो आणि तिच्या चेहऱ्याभोवती फिरायला लागतो. झाडाआड लपलेला राजा त्याचा हेवा करतो: आम्ही खरंखोटं पारखत बसलो आणि तू मात्र कृतार्थ झालास. शकुंतला सख्यांना हाका मारते, त्या थट्टेने म्हणतात, दुष्यंताला बोलव, तपोवनांचं रक्षण राजाचं काम. राजाला बाहेर यायला निमित्त मिळतं. पाचव्या अंकात, शकुंतला दरबारात पोहोचायच्या आधी, आतून राणी हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं: आंब्याच्या मोहराला बिलगणारा मधुलोभी भुंगा कमळात राहून मोहराला कसा विसरला? राजा त्यातला टोमणा हंसपदिकेच्या खात्यावर टाकतो, तिची समजूत घालायला विदूषकाला पाठवतो आणि तरीही कारण न कळता अस्वस्थ होतो. सहाव्या अंकात राजाने शकुंतलेचं चित्र काढलंय. चित्रातला भुंगा तिच्या ओठांशी येतो तसा राजा त्याला दम देतो, कमळात कोंडण्याची शिक्षा सुनावतो. विदूषक भानावर आणतो: अहो, हे चित्र आहे.

तक्त्यातला दुसरा रकाना: पहिल्या खेपेला जिवंत कीटक, दुसऱ्या खेपेला गाण्यातला शब्द, तिसऱ्या खेपेला रंगवलेला. तिसरा रकाना: आधी राजा भुंग्याचा प्रतिस्पर्धी, मग राजाच भुंगा, मग राजा भुंग्याचा पहारेकरी. प्रतिस्पर्धी, आरोपी, पहारेकरी. एवढी चढण तीन नोंदींत.

आणि गंमत म्हणजे रंगमंचावर भुंगा एकदाही नसतो. पहिल्या अंकातही रंगसूचना आहे ती त्रास झाल्याचा अभिनय करण्याची. तिन्ही वेळा तो प्रेक्षक स्वतः उभा करतो. ज्यांना वाटतं मोटिफ म्हणजे प्रॉपर्टीच्या (प्रयोगात लागणाऱ्या सामानाच्या) टेबलावर ठेवायची वस्तू, त्यांच्यासाठी हे कार्ड वेगळं काढून ठेवलं.

बोरिस तोमाशेव्स्की या रशियन अभ्यासकाने १९२५ मध्ये केलेली बद्ध आणि मुक्त अशी विभागणी इथे लावून पाहिली. कसोटी साधी: तो घटक गाळून कथा तोंडी सांगा. ऐकणारा “मग हे कसं झालं?” म्हणून अडला तर बद्ध, अडला नाही तर मुक्त. अंगठी चौथ्या अंकापासून बद्ध. भुंगा पहिल्या अंकात बद्ध, कारण राजाच्या प्रवेशाचं निमित्त तोच; पाचव्या-सहाव्या अंकात मुक्त, गाळला तरी कथानक चालतं. तेव्हा मोटिफला ‘बद्ध’ किंवा ‘मुक्त’ असं एक लेबल डकवू नये. लेबल खेपेला लावावं. तक्त्यात सहावा रकाना वाढवला: ब / मु.

२१ जून

कालच्याला जोडून. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला तो पहिल्या चार अंकांचा. उरलेला भाग नंतर आला. मूळ नाटक चौथ्या अंकापाशी थांबवून पाहिलं तर काय हाती लागतं? अंगठी हमीपर्यंत पोहोचलेली असते आणि प्रेक्षक पुढच्याची वाट बघतो. भुंगा मात्र एकदाच येऊन गेलेला, म्हणजे नुसता प्रसंग. नाटकाचा तुकडा अभ्यासाला देताना शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं: पहिला अंक नेमायचा आणि प्रश्न विचारायचा ‘भुंग्याच्या मोटिफचे कार्य स्पष्ट करा’, असं होत राहतं.

२७ जून

मॅकबेथ. थोडक्यात, कारण यावर लिखाण भरपूर आहे. कॅरोलिन स्पर्जन यांनी १९३५ मध्येच त्यातल्या अंगाला न बसणाऱ्या कपड्यांच्या प्रतिमा दाखवून दिल्या: पहिल्या अंकात उसने झगे, पाचव्यात बुटक्या चोराच्या अंगावर राक्षसाचा झगा.

आम्ही घेतलं ते हात धुणं. दुसरा अंक, दुसरा प्रवेश: राजाच्या खुनानंतर मॅकबेथला वाटतं हात धुवायला सगळा समुद्र पुरणार नाही, लेडी मॅकबेथ, त्याची बायको, म्हणते, थोडं पाणी पुरे. पाचवा अंक, पहिला प्रवेश: झोपेत चालत हात चोळते आहे ती बाई. मॅकबेथ तोवर कोडगा झालेला. मोटिफ एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला. तिसरा रकाना कशासाठी, असं ज्यांनी विचारलं होतं त्यांना हे उत्तर. एकाच पात्राच्या मागे पेन्सिल घेऊन फिरणाऱ्याला ही अदलाबदल दिसत नाही.

१ जुलै

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. इथे भुंग्याच्या उलटा प्रवास.

नाटक उघडतं तेव्हा नाटकमंडळीतली शिक्षिका बेणारे आणि गावातला सामंत हॉलमध्ये येतात. दार उघडताना कडीत बेणारेचं बोट चेमटलंय. सामंत त्या कडीची खोड समजावून सांगतो: थोडी बाहेर राहिली आणि दार ओढलं गेलं, तर माणूस आत अडकलाच म्हणून समजा. इतकं घरगुती, इतकं किरकोळ की प्रेक्षक विसरून जातो. मंडळींनी खेळ म्हणून तिच्यावर चालवलेला खोटा खटला अंगाशी यायला लागल्यावर बेणारे पिशवी उचलून दाराकडे जाते, आणि दार उघडत नाही. कडी बाहेरून बसलेली.

भुंगा आधी बद्ध, मग मुक्त. कडी आधी मुक्त, मग बद्ध. नवख्या लेखकाला दुसरी रीत जास्त उपयोगी, पण तिच्यात धोकाही जास्त. पहिली खेप फार ठळक केली तर प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांतच ओळखतो की हे दार पुढे अडणार. तेंडुलकरांनी ती झाकली कशी, ते टिपण्यासारखं आहे: कडीच्या बरोबरीने बोट दुखणं आहे, बेणारेची बडबड आहे, सामंताचा भाबडेपणा आहे. प्रेक्षक कडी बघतच नाही, दोन माणसांची नवी ओळख बघतो. पेरणी करायची ती दुसऱ्या कामाच्या पोटात, हा नियम तक्त्याच्या मागच्या बाजूला छापायचा.

दुसरं कार्ड: सामंताने पुतण्यासाठी घेतलेला हिरव्या कापडाचा पोपट. शेवटी तो न्यायला परत आलेला सामंत, निपचित पडलेल्या बेणारेपाशी तो ठेवून जातो. कथानकाच्या हिशेबात मुक्त. पण गाळून बघा, सामंताला शेवटी करायला काहीच उरत नाही.

खोट्या खटल्यात न्यायाधीश झालेल्या काशीकरांचं कान कोरणं मात्र खोडलं. ते पुन्हा पुन्हा येतं, पण दरवेळी तेच सांगतं: हा माणूस असा आहे. ती लकब. नटाला उपयोगाची, तक्त्याला नाही. यावर वाद झाला. एक मत असं की न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून कान कोरणं हा बदल धरावा. परिस्थिती बदलली, कृतीचा अर्थ बदलला का? बहुमताने खोडलं, पण नोंद ठेवतो.

४ जुलै

चौकट. श्यामच्या आईत प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र, अशा बेचाळीस. काही वाचकांनी रात्रीला मोटिफ म्हटलं. रात्र तिथे कथा सांगण्याची वेळ ठरवते. विसाव्या रात्रीला दहाव्या रात्रीचा अर्थ चिकटलेला नसतो. चौथा रकाना रिकामा. खोडलं.

९ जुलै

रंगमंचीय मोटिफ, म्हणजे जो संहितेपेक्षा प्रयोगात दिसतो. घाशीराम कोतवालचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झाला. त्यातला मानवी पडदा: तोंड प्रेक्षकांकडे असेल तेव्हा रांग पुण्याच्या ब्राह्मणांची, पाठ फिरवली की भिंत. नुसती संहिता वाचणाऱ्याला ‘रांग पाठ फिरवते’ ही ओळ तांत्रिक सूचना वाटते. प्रयोगात दर वेळी पाठ फिरताना भिंतीमागे काय चाललंय ते प्रेक्षकाला कळत असतं, आणि पाठ फिरवणाऱ्यांनाही. रकाना पाच अशा ठिकाणी फक्त प्रयोग पाहून भरावा.

१५ जुलै

सराव-संहिता लिहून झाली. बावीस पानी एकांकिका, मुद्दाम बिघडवून लिहिलेली, दुरुस्तीला देण्यासाठी. कसब्यातला वाडा, बिल्डरला द्यायचा की नाही यावरून वाद. आजी, सून, नातू. मोटिफ: पाणी यायच्या आधी नळातून येणारा वाऱ्याचा आवाज, फस्स, मग गुरगुर, मग पाणी. बिघडलेल्या प्रतीत तो आवाज सात ठिकाणी आहे, दर तीन पानांनी, आणि दरवेळी कोणीतरी म्हणतं, “पाणी आलं.”

चाचणी वाचनात काय होतं ते ठरलेलं आहे. दुसऱ्या खेपेला ऐकणारे मान डोलवतात, चौथ्या खेपेला खुसखुस, सहाव्याला कोणी लक्ष देत नाही. कारणं तीन. अंतर सारखं, म्हणून पुढची खेप कधी येणार ते कळतं. आवाज सारखा. आणि प्रतिसाद सारखा. हे सगळ्यात वाईट. आवाज तोच राहिला तरी चालतो (चिऊताईची हाक आठवा), ऐकणाऱ्याचं वागणं बदललं पाहिजे.

१८ जुलै

दुरुस्त प्रत. सातांतल्या चार खेपा काढल्या. उरल्या पान २, पान १३ आणि पान १६. मुद्दाम असमान. पहिली सुरुवातीलाच, गडबडीत: तिघंही बादल्या घेऊन धावतात, नातू आजीला पाय घसरेल म्हणून ओरडतो, सून पहिली कळशी लावते. वाड्यात पाण्याला किती किंमत ते कळलं, कोणी सांगितलं नाही. मग अकरा पानं शांतता, म्हणजे प्रेक्षक विसरेल. पान १३:

आजी : (कानोसा घेत) अगं, नळाला वारा आलाय.
सून : अहो आई, तुम्ही आधी सही करणार की नाही ते सांगा.
आजी : वारा आलाय म्हटलं.
सून : मी ऐकलंय. कोणी उठणार नाहीये.

नळ आत गुरगुरतोय, पाणी वाहून जातंय, कोणी उठत नाही. पान २ वर धावणारे हेच तिघे. नेमका बदल इथे आहे, आणि एकाही संवादात ‘आपण कसे बदललो’ हे नाही. पान १६ वर आजी एकटी उठते, नळ बंद करते आणि येऊन सही करते. नळाच्या आवाजाने नाही, नळ बंद होण्याने निर्णय कळतो. तक्त्यात: खेप एक मु, खेप दोन मु, खेप तीन ब.

शेवटच्या पानावर आणखी एकदा आवाज टाकायचा मोह सगळ्यांना होतो, अंधार होताना. टाकू नका. पान १६ वर त्याचं काम संपलंय. नंतरची खेप चौथ्या रकान्यात काही लिहू देत नाही, फक्त टाळी मागते.

२२ जुलै

प्रयोगाची बाजू, बॅकस्टेजच्या मंडळींशी बोलून.

वस्तू: मोठ्या थिएटरात मागच्या रांगेतून अंगठी दिसत नाही. म्हणून पहिल्या खेपेला तिचं नाव संवादात यायला हवं, किंवा नटाने हात खांद्याच्या वर न्यायला हवा. पुढच्या खेपांना नुसतं बोटाकडे बघणं पुरतं. कापडी वस्तू नेपथ्यापेक्षा वेगळ्या रंगाची. मोटिफची वस्तू प्रॉपर्टीच्या यादीत वेगळ्या चौकोनात, आणि दोन नग. एक हरवला तर प्रयोगाच्या दिवशी बदली वस्तू वेगळ्या आकाराची आणतात, मग प्रेक्षकाच्या डोक्यातली साखळी तुटते.

आवाज: प्रत्येक खेपेला त्याच दिशेने, त्याच स्पीकरमधून. नळ डावीकडच्या विंगेत असेल तर तिन्ही वेळा डावीकडून. तालमीत तोंडाने आवाज काढून चालवलं की नट त्या तोंडी आवाजाच्या वेळेला सरावतात आणि ध्वनिमुद्रित आवाज आल्यावर संवाद अडखळतात, म्हणून रेकॉर्डिंग तालमीच्या पहिल्या आठवड्यातच हवं. पार्श्वसंगीत मोटिफच्या आवाजाखाली वाजवायचं नाही, दोन्ही बुडतात.

प्रकाश: मोटिफ आला की त्याच्यावर स्पॉट, ही सवय सोडवायला हवी. स्पॉट म्हणजे दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या बरगडीत मारलेलं कोपर.

२६ जुलै

पात्रच मोटिफबद्दल बोलायला लागलं तर? चेखवच्या सीगलमध्ये (पहिला प्रयोग १८९६) दुसऱ्या अंकात तरुण लेखक त्रेप्लेव मारलेला सीगल पक्षी नीनाच्या पायाशी ठेवतो, स्वतःलाही लवकरच असाच मारीन म्हणतो. नीना म्हणते, हे बहुधा प्रतीक असावं, पण मला कळत नाही. त्याच अंकात नावाजलेला लेखक त्रिगोरिन त्यावरून कथेचा विषय वहीत टिपतो. चौथ्या अंकात तोच पक्षी पेंढा भरून समोर आणतात, आणि त्रिगोरिनला काही आठवत नाही. नीना स्वतःला सीगल म्हणते आणि लगेच दुरुस्त करते: नाही, मी अभिनेत्री आहे.

इतकं उघड बोलूनही ते पचतं, कारण बोलणारे एकमेकांशी सहमत नाहीत: एकाला धमकी, एकीला कोडं, एकाला कच्चा माल. पात्राने मोटिफचा अर्थ सांगावा, पण तो अपुरा किंवा चुकीचा असावा. एकांकिकांत नेमकं उलटं होतं. शेवटच्या मिनिटाला कोणीतरी शहाणं पात्र पिंजरा हातात घेऊन सांगतं, आपण सगळे पिंजऱ्यात आहोत.

३० जुलै

तक्ता छापायला दिला. ए-फोर, आडवा, सहा रकाने, दहा ओळी. एका मोटिफला एक कागद. दहापेक्षा जास्त ओळी लागल्या तर बहुधा लकब किंवा साचा मोटिफ म्हणून नोंदवला जातोय, आधी ते तपासायचं. मागच्या बाजूला पेरणीचा नियम आणि तोंडी कथासाराची कसोटी.

पहिल्या दिवसाचा गृहपाठ: शाकुंतलातलं हरीण. पहिल्या अंकात रथापुढे धावणारं, चौथ्यात शकुंतलेचं वस्त्र ओढणारं पाडस, पाचव्यात तिने राजाला सांगितलेली पाडसाची आठवण (राजाच्या हातचं पाणी न पिणारं), सहाव्यात काळविटाच्या शिंगावर डोळा खाजवणारी हरिणी. जोडीजोडीने भरायचा, चाळीस मिनिटं. तपासताना सहाव्या अंकाची ओळ आधी पाहायची. ती हरिणी चित्रात अजून नाही, राजा फक्त सांगतोय की काढायची आहे. तिथे रूपाच्या रकान्यात ‘चित्र’ लिहिलं असेल तर कागद परत द्यायचा आणि त्या अंकातला भुंगा शेजारी ठेवून पुन्हा भरायला लावायचा.